गावच्या दप्तरात आपले नाव कसे आहे?

खेड्यातील आपल्या माणसाला कागदाची आठवण दोनच वेळा होते. एकदा मतदानाच्या दिवशी सकाळी, आणि एकदा मुलामुलींच्या प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले म्हणजे. एरवी गावच्या दप्तरात आपल्याविषयी काय लिहिले आहे, ते कोणाच्या कपाटात आहे, बरोबर आहे की चूक आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. धावपळ सुरू होते ती वेळ निघून गेल्यावर. मग साहेब वाईट, भाऊसाहेब वाईट, गाव वाईट. त्यात खरेही असते. परंतु ज्या कागदावर आपले घर, आपले मत आणि आपल्या लेकरांचे शिक्षण अवलंबून आहे, तो कागद आपण स्वतः कधी वाचला होता काय, हा प्रश्न उरतोच.

आम्ही बी. कॉम. होऊन गेली बावीस वर्षे तालुक्याच्या गावी कारकुनी करीत आहोत. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, दुष्काळी पट्ट्यात आहे. गाव लहान. आमच्या वस्तीत साठ-पासष्ट घरे, त्यांतील कित्येकांना वर्षातले सहा-आठ महिने कुलूप. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी ऊसतोडीला. सुट्टीच्या दिवशी गावी गेलो की कोणी ना कोणी हातात कागद घेऊन येतो, "दादा, हे काय आलंय बघा की." अशा कागदांतून जे शिकायला मिळाले ते समाजबांधवांपुढे, विशेषतः माताभगिनींपुढे ठेवावे म्हणून हे लिहीत आहोत.

दप्तराशी आपले नाते जुने आहे. वतनाच्या काळात सरकारी टपाल व वसूल तालुक्याला पोहोचविणे, शिवेचा तंटा लागला तर हद्द दाखविणे, ही कामे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला होती. गावची हद्द त्यांना तोंडपाठ होती. परंतु जे दप्तर त्यांनी वाहिले त्यात काय लिहिले आहे ते वाचण्याची सोय त्यांना कोणी ठेवली नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

मताची गोष्टही तशीच आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितले. १९३५ च्या कायद्यानेही मत दिले ते मिळकत, कर, शिक्षण पाहून. संविधानाच्या कलम ३२६ ने ती अट मोडली आणि रोजगाराला जाणाऱ्या बाईचे मत व बागायतदाराचे मत एका किमतीचे केले. आरंभी वयाची अट २१ वर्षांची होती, १९८९ पासून ती १८ वर्षांची झाली.

परंतु हक्क संविधानात असतो आणि नाव यादीत असावे लागते. या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते अंतर पहिल्यापासून आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. कारण काय? नाव विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. अशा नोंदीला मत देता येत नव्हते.

आमच्या वस्तीत हे अंतर किती आहे ते आम्हांला २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत दिसले. वस्तीतील एक आजी, वय सत्तरीच्या पुढे. एकही मतदान न चुकविलेली बाई. सकाळी धुवट लुगडे नेसून, मतदार ओळखपत्र हातात धरून शाळेत गेली. यादीत तिचे नाव नव्हते. त्याआधी दोन वर्षांपूर्वी वस्तीतील दुसरी एक म्हातारी वारली होती. दोघींचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव तिन्ही सारखे. कमी व्हायचे नाव एक आणि कमी झाले दुसरेच. आजी टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "आरं, म्या हितं हुबी हाय न्हवं, मग मेलं कोण?" लोक हसले. आजी हसली नाही. आल्या पावली परत गेली आणि दिवसभर उंबऱ्यात बसून राहिली.

केंद्रावरच्या अधिकाऱ्यांचा त्यात उपाय नव्हता. मतदानाच्या दिवशी यादीत नाव घालण्याचा अधिकार त्यांना नसतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीचे दार बंद होते. ओळखपत्र हातात असून उपयोग नाही. यादीत नाव नसेल तर कार्डावर मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवले असेल तर आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँक पासबुक यांपैकी एकावर मत देता येते. आपल्या घरांत कार्ड ट्रंकेत जपून ठेवतात आणि यादीकडे कोणी बघत नाही.

आजींचा फॉर्म नंबर ६ आम्ही पुढे भरून घेतला. २०२४ च्या लोकसभेला त्यांनी मत दिले. परंतु एक मत गेले ते गेलेच. आम्ही हिशेबाची परीक्षा दिलेली माणसे. जमाखर्चाची वही वर्षातून एकदा तरी ताळ्याला लावतात. मग यादीचा ताळा कोणी घ्यायचा? यादी करणारा घेईल, असे म्हणून भागत नाही. त्याच्याकडे हजार-बाराशे नावे असतात, त्याला आपली दोन म्हाताऱ्यांतली ओळख कोठून असणार? ती ओळख वस्तीलाच असते.

म्हणून २०२२ च्या वर्षावासात आम्ही एक प्रघात पाडला. वस्तीतील विहारात रात्री ग्रंथवाचन होते. आठवड्यातून एक दिवस वाचन संपल्यावर अर्धा तास मतदार यादी वाचायची. यादी मिळविण्यात काहीच गुपित नाही. गावच्या मतदान केंद्राला नेमलेला बी.एल.ओ. असतो, बहुधा शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीताई. त्यांच्याजवळ यादी असते. तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून गावाच्या केंद्राची यादी मोबाईलवरही उतरून घेता येते. वस्तीतील बारावीच्या एका मुलीने ती घेतली, आम्ही तालुक्याला तिची छापील प्रत काढली. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर फोन करता येतो.

मुलींनी नावे वाचायची आणि बसलेल्यांनी सांगायचे. पेन्सिलीने चार खुणा. वारलेला माणूस, लग्न होऊन सासरी गेलेली लेक, नावात किंवा वयात चूक, आणि यादीत असायला हवा पण नाही असा माणूस. पहिल्या रात्री लोकांना गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात बायका स्वतःहून सांगू लागल्या. एक भगिनी लग्न होऊन आल्याला नऊ वर्षे झाली, तिचे नाव अजून माहेरच्या गावात. एका घरात तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव आहे आणि एकोणीस वर्षांच्या नातवाचे नाही. एका भावाच्या नावापुढे लिंग 'स्त्री' छापलेले. आणि आमच्या वस्तीच्या मथळ्यावर अजून तेच जुने जातीवाचक नाव. वस्त्यांची जातीवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने २०२० साली घेतला, परंतु ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय कागद आपोआप हलत नाही. तो ठराव आम्ही पुढच्या ग्रामसभेत मांडला.

नवे नाव घालायला किंवा दुसऱ्या मतदारसंघातून नाव आणायला वेगवेगळे फॉर्म असतात, हे लोकांना ठाऊक नसते. ते सोपे आहे. पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर फॉर्म ६. वारलेल्या माणसाचे नाव कमी करायचे किंवा एखाद्या नावावर हरकत घ्यायची तर फॉर्म ७. नाव, वय, पत्ता दुरुस्त करायचा, राहण्याचे ठिकाण बदलले किंवा कार्ड हरवले तर फॉर्म ८. सासरी आलेल्या मुलीने नवा ६ नंबर भरायचा नसतो, फॉर्म ८ भरून माहेरचे नाव सासरी आणायचे असते. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण झालेल्यालाच त्या वर्षी नाव घालता येई. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. म्हणजे मुलामुलींना आता वर्षभर थांबावे लागत नाही.

येथवर सर्व सुरळीत झाले. अडचण आली ती मुंबईकरांच्या नावांची.

आमच्या वस्तीतील बरीच मंडळी दोन पिढ्या मुंबईत आहेत. तिकडे रेशन कार्ड, तिकडे मुलांची शाळा, तिकडच्या यादीत नाव. आणि गावच्या यादीतही नाव. यादी वाचताना ही नावे निघाली तेव्हा वडीलधारे गप्प झाले. कारण सर्वांना ठाऊक होते. आमच्या प्रभागात ग्रामपंचायतीची जागा पाच-दहा मतांनी येते नाहीतर जाते. मतदानाला मुंबईहून गाडी भरून माणसे आणायची, हा नेहमीचा रिवाज. एका वडीलधाऱ्या बाबांनी आम्हांला बाजूला घेतले. म्हणाले, "बाळ, वरच्या आळीची दुबार नावं न्हाईत व्हय? त्येंची काढा आधी, मग आपली."

बाबांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट आहे. कलम १७ प्रमाणे एका माणसाचे नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असू शकत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिले तर कलम ३१ खाली शिक्षा आहे. ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागवार फोडून तीच वापरतात. त्यामुळे "हे फक्त गावापुरते आहे" असे म्हणता येत नाही. आम्ही बाबांना म्हणालो, "बाबा, आपल्या यादीत खोटे नाव ठेवून दुसऱ्याच्या यादीवर बोट ठेवता येईल का?" बाबा काही बोलले नाहीत.

मुंबईच्या बांधवांना आम्ही एकच विनंती केली. जेथे राहता तेथे नाव ठेवा, एका ठिकाणी ठेवा. कोणी निवृत्त होऊन गावी आलेले होते, त्यांनी मुंबईचे नाव गावी आणले. बहुतेकांनी गावचे काढले. काहींनी आमच्याशी बोलणे सोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि आमच्या वस्तीचा उमेदवार सात मतांनी पडला. दोष सरळ आमच्या माथी आला. "कायदेवाल्यांनी सीट घालवली" असे पारावर आणि विहारातही ऐकावे लागले. घरच्यांनाही ते ऐकावे लागले. आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "पुढच्या वर्षी यादी वाचणार ना?" आम्ही हो म्हणालो.

याचे मोल २०२४ साली कळले. विधानसभेआधी आमच्या वस्तीतील वीसेक नावांवर कोणीतरी फॉर्म ७ भरून हरकत घेतली. कारण लिहिले, 'गावात राहत नाहीत'. ती सगळी ऊसतोडीला जाणारी माणसे. नाव असे परस्पर काढता येत नाही. स्थलांतराच्या कारणाने नाव कमी करण्यापूर्वी त्या माणसाला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, असे कलम २२ सांगते. आणि कलम २० असे सांगते की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणूस गावचा रहिवासी राहत नाही असे नाही. पोटासाठी सहा महिने कोयता घेऊन जाणारा माणूस, ज्याचे घर, चूल, म्हातारे आईबाप गावात आहेत, तो गावचाच. सुनावणीला आम्ही वस्तीची वही घेऊन गेलो. प्रत्येकाचे रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, मुलांच्या शाळेचा दाखला. साहेबांनी विचारले, "यांपैकी कोणाचे नाव दुसरीकडे आहे का?" आम्ही छातीठोकपणे सांगितले, "एकाचेही नाही, साहेब. तपासून घ्या." त्यांनी तपासले. एकही नाव गेले नाही. गेले असते तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, हेही आम्ही लिहून ठेवले होते. सात मतांनी सीट गेली असेल, परंतु वीस माणसांचे मत राहिले ते यादी स्वच्छ होती म्हणून. मुंबईकरांची दुबार नावे तशीच असती तर त्या दिवशी आम्ही कोणत्या तोंडाने बोललो असतो?

आणखी एक गोष्ट. जुनी यादी फेकू नका. बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले तेव्हा २००३ च्या यादीत नाव होते काय, हा मोठा प्रश्न झाला. ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तेव्हा लोकांना आपले नाव का गेले ते वाचता आले. बावीस वर्षांपूर्वीचा कागद गरीब माणसाने कोठून आणायचा? म्हणून आमच्या वस्तीत आता दरवर्षीच्या यादीची एक प्रत बांधून ठेवतात.

यादी वाचता वाचता लोकांना दुसरे कागद आठवू लागले. वस्तीतील एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जात पडताळणी समितीकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, हे तिच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते. असा पुरावा गावाच्या दप्तरात मिळतो. एक, शाळेचे जुने जनरल रजिस्टर. पणजोबा किंवा आजोबा दोन इयत्ता जरी शिकले असतील तरी त्यात नोंद असते, तिचा प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. दुसरे, कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. अर्जात गावाचे नाव, पूर्वजाचे नाव आणि अंदाजे साल लिहायचे. काही नोंदी मोडी लिपीत असतात, त्या वाचून घ्याव्या लागतात.

मुलीचे आजोबा आम्हांवर रागावले. म्हणाले, "छप्पन साली आम्ही ते नाव सोडलं. आता तेच हुडकत फिरता?" त्यांचा राग आम्हांला समजत होता. त्यांच्या वडिलांनी ते नाव अंगावरून काढून टाकले होते. परंतु सोडले आहे हे दाखवायलाही आधी काय होते त्याचा कागद लागतो. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात मिळाल्या त्या १९९० च्या कायद्याने, आणि त्या मिळविण्यासाठी पूर्वीच्या नोंदीशी नाते जोडून दाखवावे लागते. आजोबांनीच अखेर पणजोबांचे खरे नाव सांगितले. घरात सगळे ज्या नावाने बोलत ते टोपणनाव होते. रजिस्टरात आडनावही वेगळे निघाले, कारण पुढे ते बदलले. मग वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडून काम झाले. मुलगी आज शिकते आहे. आजोबा नसते तर ते नाव कोणी सांगितले असते? म्हणून आमचे सांगणे आहे की घरात म्हातारी माणसे आहेत तोवर पाच पिढ्यांची नावे, जुनी आडनावे, शिकलेली शाळा लिहून घ्या.

घराचेही तसेच. ग्रामपंचायतीत नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही असते. कित्येक घरांची नोंद अजून वारलेल्या आजोबांच्या नावे आहे. रमाई आवास योजनेचा अर्ज करायला गेले की तेथेच अडते. मृत्यूचा दाखला व वारसांची नावे देऊन नोंद बदलण्याचा अर्ज आजच करावा. जमीन असेल तर सात-बारा काढून पाहावा. डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत मिळतो. वतनाच्या जमिनीवर बहुधा 'भोगवटादार वर्ग २' असे असते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही, तेव्हा बाँड पेपरवर सही मागणाऱ्यापासून सावध राहावे. आणि वारस नोंद करताना लेकींची नावे गाळू नयेत. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि लेकीचा वाटा त्यात आहे. भावाने प्रेमाने साडी दिली म्हणजे वाटा दिला असे होत नाही.

आता मागायचे कसे? लहान गावात खरी भीती हीच असते. भाऊसाहेबांना राग येईल, सरपंचाला वाटेल तक्रार केली, उद्या दाखला अडवतील. ही भीती खोटी नाही, गावात राहायचे असते. परंतु आम्ही टेबलाच्या अलीकडे बसणारे आहोत, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. तोंडी मागितलेल्या कागदाला कार्यालयात जीव नसतो. साहेब बदलला की ती मागणी वाऱ्यावर गेली. आवक नंबर पडलेला अर्ज मात्र मरत नाही. तो कपाटात असतो, त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणून अर्ज नम्रपणे लिहा, पण लिहूनच द्या. दोन प्रती करा. एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. एकट्याने जाण्यापेक्षा तिघांनी जा. भांडायला नको, सोबत म्हणून. कोणी उत्तर दिले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही. ३० दिवसांत माहिती, नाही मिळाली तर वरिष्ठांकडे अपील. आमच्या गावात हा अर्ज दोनदाच करावा लागला. तिसऱ्या वेळी भाऊसाहेबांनीच विचारले, "यंदा यादी कधी वाचताय? दुरुस्त्या एकदम द्या, म्हणजे आम्हांलाही सोपे." त्यांचा हुद्दा आता ग्रामपंचायत अधिकारी झाला आहे, गाव भाऊसाहेबच म्हणते.

आज आमच्या वस्तीत एक जाड वही आहे. घरटी एक पान. पानावर घरातील प्रत्येकाचे यादीप्रमाणे नाव, जन्मतारीख, दाखला आहे की नाही, घराचा नमुना ८ कोणाच्या नावे, जुन्या नोंदी कोठे सापडल्या. आधार नंबर किंवा बँकेचा नंबर आम्ही त्यात लिहीत नाही, ते ज्याचे त्याने जपावे. वही दहावी-बारावीच्या दोन मुलींच्या ताब्यात असते. त्या लग्न होऊन गेल्या की खालच्या दोघींकडे येते. सात मतांनी पडलेला उमेदवार गेल्या वर्षी स्वतः वाचनाला बसला होता. त्याच्या वडिलांचे नाव यादीतून कमी करायचे राहिले होते, ते त्यानेच सांगितले.

तुमच्या वस्तीत अशी वही नसेल तर येत्या आषाढ पौर्णिमेपासून सुरू करा. शंभर पानी वही, एक पेन्सिल आणि वाचता येणारी एक मुलगी एवढे पुरते. पहिल्या दिवशी सगळी यादी होणार नाही, पंचवीस नावे वाचा. त्यांतील एका तरी नावापुढे खूण करावी लागेल, हे आम्ही अनुभवाने सांगतो. जयभीम.